दुसऱ्याची रचना, संगीतकाराची छडी : जुनी ध्वनिमुद्रणे शोधण्याची आणि ऐकण्याची पद्धत

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताची थोडी गोडी लागली की एका टप्प्यावर एक प्रश्न हमखास मनात येतो. रिचर्ड स्ट्राउससारखा स्वतः मोठा असलेला संगीतकार मोत्सार्टची सिम्फनी संचालित करायला उभा राहिला, तर ती कशी वाजत असेल? एखादा वाग्गेयकार दुसऱ्याने बांधलेली बंदिश गायला बसला की आपण जसे कान टवकारतो, तसेच हे कुतूहल आहे. सुदैवाने अशी ध्वनिमुद्रणे शिल्लक आहेत, त्यांतली बरीचशी घरबसल्या ऐकता येतात, आणि काही तर विनामूल्य मिळतात.

अडचण पुढे येते. एकाच सिम्फनीच्या दोन वेगवेगळ्या मुद्रणांवर एकच साल छापलेले असते, कुठे तबकडीचा वेग चुकलेला असतो, कुठे संगीताचा मोठा तुकडा गायब असतो, आणि नवखा श्रोता या सगळ्याला त्या संगीतकाराची शैली समजून बसतो. माझी सुरुवातीची दोन वर्षे अशाच चुकीच्या निष्कर्षांत गेली. यंत्राने जे केले ते मी संगीतकाराच्या नावावर लिहीत गेलो. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी लावल्या आहेत : ऐकू येणाऱ्या आवाजातून यंत्राचा वाटा पाखडून बाजूला काढायचा, आणि मग जे उरेल तेच संगीतकाराचे म्हणायचे.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- बरे हेडफोन. फार महागडे नकोत. कृत्रिमपणे खर्ज वाढवणारे तर मुळीच नकोत.
- रचनेची संपूर्ण स्वरलिपी. मोत्सार्ट, बीथोव्हन, शूमान, ब्राम्स यांच्या स्वरलिप्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात.
- सुरात असलेली पेटी, किंवा सूर दाखवणारे मोबाइलवरचे एखादे साधे अ‍ॅप.
- ऑडॅसिटी हे मोफत संगणकीय साधन. ध्वनिफितीचा वेग तपासायला आणि दुरुस्त करायला ते पुरेसे आहे.
- सेकंद दाखवणारे घड्याळ आणि एक वही.

स्वरलिपी वाचता येत नसेल तरी थांबू नका. पहिल्या व्हायोलिनची ओळ बोटाने धरून पुढे सरकता आले, तरी पुनरावृत्ती कुठे गाळली आणि कुठे काटछाट झाली हे कळते, आणि सुरुवातीला तेवढेच लागते.

पायरी १ : संगीतकार कोणाला म्हणायचे, ते आधी ठरवा

जुन्या पिढीतल्या बहुतेक संचालकांनी थोडेफार स्वतःचे लिहिलेले असते. फेलिक्स वाइनगार्टनरने सात सिम्फनी लिहिल्या, फुर्टवेंग्लरने तीन लिहिल्या, आणि क्लेम्परर व ब्रुनो वाल्टर यांनीही सिम्फनी लिहिल्या होत्या. या सगळ्यांना यादीत घेतले तर जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी निम्मी तुमच्या यादीत येतील आणि मूळ प्रश्न हरवून जाईल.

मी स्वतः तीन गट करतो. पहिल्या गटात मुख्यतः रचनाकार म्हणून ओळखले जाणारे येतात : स्ट्राउस, एल्गार, वेबर्न, हिंडेमिट, व्हॉन विल्यम्स, ब्रिटन. दुसऱ्या गटात दोन्ही कामे तितक्याच गांभीर्याने करणारे येतात : हान्स फित्स्नर, झेमलिन्स्की, जॉर्जे एनेस्कु, गाब्रिएल पिएर्ने, हॅमिल्टन हार्टी. तिसऱ्या गटात वाइनगार्टनर, फुर्टवेंग्लर अशी मंडळी. सुरुवात पहिल्या गटापासून करा. तिसरा गट तुलनेसाठी राखून ठेवा, कारण बीथोव्हनच्या नऊही सिम्फनी एकाच संचालकाच्या हाताखाली पहिल्यांदा पूर्ण मुद्रित झाल्या त्या वाइनगार्टनरच्या, आणि मोजपट्टी म्हणून त्याच्यासारखा समतोल माणूस दुसरा सापडत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. माहलरने वाद्यवृंद संचालित केल्याचे एकही ध्वनिमुद्रण अस्तित्वात नाही. १९०५ साली त्याने आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी कागदी रोल तेवढे नोंदवले, आणि तेही स्वतःच्याच रचनांचे. ‘माहलरच्या संचालनातली बीथोव्हनची सिम्फनी’ असे काही कुठे दिसले, तर पैसे खर्च करू नका.

पायरी २ : एकच रचना निवडा आणि तिथेच थांबा

दहा संगीतकारांची दहा ध्वनिमुद्रणे एका बैठकीत ऐकली, तर हाती काही लागत नाही. माझी शिफारस मोत्सार्टच्या ४० व्या सिम्फनीची आहे. ही रचना बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते, तिची स्वरलिपी मोफत मिळते, आणि चाळीस वर्षांच्या अंतराने दोन थोर संगीतकारांनी ती मुद्रित केली आहे.

पहिला स्ट्राउस. १९२६ ते १९२८ या काळात त्याने बर्लिनच्या स्टाट्सकापेल्ले या वाद्यवृंदासह पोलिडोर कंपनीसाठी मोत्सार्टच्या शेवटच्या तीन सिम्फनी आणि बीथोव्हनची पाचवी व सातवी मुद्रित केली. मोत्सार्ट हे त्याचे आयुष्यभराचे दैवत. म्युनिकमध्ये तरुणपणापासून तो मोत्सार्टचे ऑपेरा संचालित करत आला होता, त्यामुळे त्याच्या हातातला मोत्सार्ट हा एका दिवसाचा पाहुणा नव्हे.

दुसरा बेंजामिन ब्रिटन. त्याने हीच सिम्फनी १९६८ साली इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर डेक्कासाठी मुद्रित केली, इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या स्नेप मॉल्टिंग्ज या सभागृहात. हे सभागृह मुळात बिअरसाठी सातू भिजवून मोडवण्याची जुनी इमारत होती. १९६७ मध्ये तिथे संगीत सुरू झाले, १९६९ च्या जूनमध्ये ते आगीत जळाले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभे राहिले. ब्रिटनचे हे मुद्रण आगीच्या आधीचे आहे. विटांच्या भिंती आणि लाकडी छप्पर यांचा तो ऊबदार घुमारा पहिल्या काही सेकंदांतच कानाला जाणवतो.

पायरी ३ : तबकडीची मर्यादा समजून घ्या

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

१९२५ च्या आधीची ध्वनिमुद्रणे कर्ण्यातून होत. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत, आणि तारवाद्यांचा खर्ज कर्ण्याला नीट पकडता येत नसल्यामुळे त्याच्या मदतीला बहुधा ट्यूबा ठेवला जाई. त्यामुळे अशा मुद्रणात खालचे सूर जाडेभरडे, फुंकरीचे वाटले, तर तो संचालकाचा निर्णय नव्हे. ओस्कार फ्रीड या संगीतकार-संचालकाने १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात माहलरची दुसरी सिम्फनी याच पद्धतीने संपूर्ण मुद्रित केली. इतका प्रचंड वाद्यवृंद, गायिका आणि समूहगायक एका कर्ण्यासमोर कसे मावले असतील, याची कल्पना करून बघा. तरीही ते मुद्रण ऐकावेच, कारण १९०५ मध्ये फ्रीडने बर्लिनमध्ये हीच सिम्फनी सादर केली तेव्हा स्वतः माहलर तिथे हजर होता.

१९२५ पासून मायक्रोफोन आला आणि आवाजाची व्याप्ती वाढली, पण तबकडीची बाजू मात्र तेवढीच राहिली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार ते साडेचार मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही ओढाताण सांगायला नको. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायचा म्हणजे काय काय सोडावे लागते ते आपल्या कानांना ठाऊक आहे. सिम्फनीच्या बाबतीत याचे तीन परिणाम होतात, आणि तिन्ही ओळखता आले पाहिजेत.

पहिला परिणाम पुनरावृत्तीचा. स्वरलिपीत ‘हा भाग पुन्हा वाजवा’ असे चिन्ह असले तरी तबकड्या वाचवण्यासाठी ते बहुतेक वेळा पाळले जात नसे. स्ट्राउसने पुनरावृत्ती गाळली म्हणून त्याला त्या नकोच होत्या, असे म्हणता येत नाही.

दुसरा काटछाटीचा. स्ट्राउसच्या बीथोव्हन सातवीच्या शेवटच्या भागात बराच मोठा तुकडा सरळ गाळलेला आहे. पहिल्यांदा स्वरलिपी धरून ऐकत होतो तेव्हा मी पाने उलटत पुढे गेलो, मागे आलो, आणि शेवटी माझ्याच प्रतीत पाने जास्त आली असावीत असे वाटले. बाजूवर मावावे म्हणून हे केले, असे कारण सामान्यतः दिले जाते आणि मला ते पटते, कारण त्याच संचातले उरलेले तीन भाग असे तोडलेले नाहीत.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा आहे. बाजू संपत आली की संचालक वाक्य पुरे करण्यासाठी लय किंचित ओढून धरत, आणि पुढची बाजू पुन्हा मूळ लयीत सुरू होई. आज संगणकावर दोन्ही बाजू इतक्या बेमालूम जोडतात की सांधा ऐकूच येत नाही, मागे उरतो तो अकारण वाटणारा एक ठहराव. दर चार-साडेचार मिनिटांच्या आसपास असा ठहराव ऐकू आला, तर वहीत ‘बाजू बदलली असावी’ एवढेच लिहा आणि त्यातून भावार्थ काढू नका.

पायरी ४ : वेग आणि पट्टी तपासा

तबकडीवर मिनिटाला ७८ फेरे लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात मुद्रण त्याहून थोड्या कमी किंवा जास्त वेगाने झालेले असे. पुनर्मुद्रण करणाऱ्याने ते तपासले नसेल तर लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढतात किंवा उतरतात. आपल्या घरातली पेटी इथे उत्तम कामाला येते.

मोत्सार्टची ४० वी सिम्फनी जी मायनरमध्ये आहे, म्हणजे तिचा षड्ज पांढरी पाच. पहिला भाग संपतो तिथला शेवटचा ठोका ऐका आणि पेटीवर पांढरी पाच दाबा. दोन्ही जुळले, तर काम झाले. त्या काळी जर्मनीत पट्टी आजच्यापेक्षा किंचित उतरलेली असण्याची शक्यता असते. ४४० हर्ट्झऐवजी ४३५ धरली तर फरक एका अर्धस्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाचा येतो, तेवढा सोडून द्यावा. पण ठोका जर काळी चारशी जुळत असेल, तर ध्वनिफीत अर्धा स्वर चढलेली आहे, म्हणजेच सुमारे ६ टक्के जास्त वेगाने धावते आहे. चार मिनिटांची बाजू मग तेरा-चौदा सेकंद आधीच संपते.

मी एका पुनर्मुद्रण कंपनीची प्रत विकत घेतली होती, जी जवळजवळ तेवढीच चढलेली निघाली. ते कळण्याआधी स्ट्राउस मोत्सार्ट किती घाईने वाजवतो, यावर मी वहीची चार पाने भरली होती. ती चारही पाने रद्द करावी लागली.

दुरुस्ती सोपी आहे. ऑडॅसिटीमध्ये वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसती लय बदलणारा किंवा नुसती पट्टी बदलणारा पर्याय निवडू नका. चढलेल्या फितीचा वेग ५.६ टक्के कमी केला की अर्धा स्वर खाली येतो. मूळ ध्वनिफीत जशीच्या तशी ठेवा आणि दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने साठवा.

पायरी ५ : प्रत कोठून घ्यायची आणि काय पाहून घ्यायची

मोफत साठ्यांपैकी तीन ठिकाणे आधी पाहा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चार्म या प्रकल्पाने ७८ फेऱ्यांच्या हजारो बाजू काळजीपूर्वक संगणकावर आणल्या आहेत. फ्रेंच संगीतकारांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा गालिका हा साठा आहे. इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर साठा आहे, पण तो कोणीही चढवू शकत असल्यामुळे तिथल्या माहितीवर डोळे झाकून विसंबू नये. विकतच्या प्रतींत नॅक्सॉस हिस्टॉरिकल आणि प्रिस्टिन ऑडिओ यांची पुनर्मुद्रणे सहज मिळतात.

प्रत घेताना पुढील सापळे लक्षात ठेवा.

*सालाचा सापळा.* स्ट्राउसने ४० वी सिम्फनी दोनदा मुद्रित केली, १९२७ मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये. पुनर्मुद्रणांवर या दोन्हींची सरमिसळ होते. चारही भागांची मिनिटे-सेकंद लिहून काढा आणि ज्या प्रतीबरोबर मॅट्रिक्स क्रमांक दिले आहेत अशा प्रतीशी ताडून पाहा. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे लेबल आणि रेघा यांच्यामधल्या गुळगुळीत कड्यात उमटवलेला आकडा. लेबल बदलते, कंपनी बदलते, पण हा क्रमांक त्या मुद्रणालाच चिकटलेला असतो.

*अति स्वच्छतेचा सापळा.* खरखर पूर्ण घालवलेली प्रत ऐकायला सुखद वाटते, पण खरखरीबरोबर व्हायोलिनचा वरचा तजेला आणि सभागृहाचा श्वासही गेलेला असतो. थोडी खरखर राहू द्या. दहा मिनिटांत कान तिला विसरतात.

*क्रमाचा सापळा.* प्रत्यक्ष तबकड्या घेणाऱ्यांसाठी हा महत्त्वाचा आहे. मुंबईच्या चोरबाजारात मला वाइनगार्टनरच्या ब्राम्सचा एक संच मिळाला. घरी आणून पहिल्या तबकडीची एक बाजू, मग ती उलटून दुसरी, अशा क्रमाने मी तो संगणकावर घेतला, आणि सुरुवातीनंतर लगेच समारोप वाजू लागला. काही संच आपोआप तबकडी बदलणाऱ्या यंत्रासाठी छापलेले असत. पाच तबकड्यांच्या अशा संचात पहिलीवर बाजू १ आणि १०, दुसरीवर २ आणि ९, तिसरीवर ३ आणि ८, असे जोडकाम असते. लेबलवरचा बाजूचा क्रमांक वाचल्याशिवाय सुई टेकवू नका. टेकवताना जाड रेघांसाठीची ७८ ची वेगळी सुईच वापरा. एलपीची सुई या रेघांच्या तळाशी घासते आणि खरखरीशिवाय फारसे काही देत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या तबकड्या त्यातून केव्हाच मुक्त झाल्या आहेत, ब्रिटनचे १९६८ चे मुद्रण झालेले नाही. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत, त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम पाहूनच ध्वनिफीत कुठे चढवावी.

पायरी ६ : आता दोघांना शेजारी बसवा

एवढी पाखडणी झाल्यावर ४० व्या सिम्फनीचा पहिला भाग आधी स्ट्राउसचा, मग ब्रिटनचा ऐका. मध्ये एक दिवस जाऊ द्या.

स्ट्राउसकडे लक्ष द्यायची जागा म्हणजे पहिला विषय, म्हणजे पहिली मुख्य धून, संपून दुसरा सुरू होतो तो सांधा. तिथे त्याची लय सैल होते, दुसरा विषय जरा निवांत बसतो, आणि मग गाडी हळूहळू मूळ वेगावर येते. हे बाजूच्या शेवटी घडत नाही, बाजूच्या मध्यावर घडते, म्हणून ते यंत्राचे नसून त्याचे आहे. ऑपेरा लिहिणारा माणूस दोन विषयांकडे दोन पात्रांसारखा पाहतो आहे, आणि रंगमंचावर दुसरे पात्र आले की प्रकाश बदलतो तशी त्याची लय बदलते, असे मला वाटते. हा माझा अर्थ आहे, तुम्हाला दुसरा लागू शकेल. लय बदलते ही मात्र मोजता येणारी गोष्ट आहे.

ब्रिटनची नजर वेगळी. तो लिहिलेल्या पुनरावृत्ती पाळतो, त्यामुळे दुसरा, संथ भाग पंधरा मिनिटांच्या आसपास जातो. पहिल्या ऐकण्यात हे लांबण वाटते. तिसऱ्या ऐकण्यात मला कळले की आतल्या आवाजांत, म्हणजे व्हिओला आणि दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, जे बारीक काम चालले आहे ते पुनरावृत्तीतच नीट ऐकू येते. ब्रिटन स्वतः व्हिओला शिकलेला होता, हे इथे आठवावे. एलपीवर एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत असल्यामुळे त्याला ही मोकळीक होती, स्ट्राउसला ती नव्हती. तेव्हा पुनरावृत्तीच्या बाबतीत दोघांची तुलना करू नका. लयीच्या बाबतीत, आतल्या आवाजांच्या बाबतीत, वाक्याच्या शेवटाच्या बाबतीत जरूर करा.

पायरी ७ : वेबर्नच्या हातातला बेर्ग

पहिल्या सहा पायऱ्या हाताशी आल्याशिवाय इकडे येऊ नका, कारण हे मुद्रण ऐकायला कठीण आहे. माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातले सर्वांत मौल्यवान मुद्रण हेच.

आल्बान बेर्गने व्हायोलिन कन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, १९३५ मध्ये लिहिला, अमेरिकन व्हायोलिनवादक लुई क्रास्नर याच्या मागणीवरून. माहलरची विधवा आल्मा हिची अठरा वर्षांची मुलगी मानोन ग्रोपिउस त्या एप्रिलमध्ये वारली होती आणि बेर्गने ही रचना ‘एका देवदूताच्या स्मरणार्थ’ म्हणून अर्पण केली. वर्ष संपायच्या आत, २४ डिसेंबरला, बेर्गही गेला. पहिला प्रयोग १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सिलोनात ठरला आणि संचालक होता बेर्गचा जिवलग मित्र आंटोन वेबर्न. तालमींत तो सुरुवातीच्या मोजक्या पानांवरच इतका अडकून राहिला की रचना पुरी होईना, आणि अखेर त्याने अंग काढून घेतले. ऐनवेळी हेरमान शेर्खेनने ती संचालित केली. दोनच आठवड्यांनी, १ मे १९३६ रोजी, लंडनमध्ये बीबीसीच्या वाद्यवृंदाबरोबर वेबर्नने ती पुरी केली, आणि क्रास्नरने जपलेल्या तबकड्यांमुळे तो प्रयोग आपल्यापर्यंत पोहोचला.

आवाज वाईट आहे. खरखर सतत आहे, वाद्यवृंद मागे सरकलेला आहे. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा फक्त सुरुवात ऐका. एकल व्हायोलिन आपल्या चार मोकळ्या तारा एकामागून एक छेडत वर जाते आणि खाली येते, वादक वाद्य मिळवून पाहतो आहे असे वाटावे इतके साधे. वेबर्न इथे घाई करत नाही. प्रत्येक लहान स्वरसमूह सुटा होतो, श्वास घेतो, आणि मग पुढचा येतो. मग थेट शेवटाकडे जा, जिथे बाखचे ‘आता पुरे झाले’ अशा अर्थाचे प्रार्थनागीत येते आणि क्लॅरिनेट ते ऑर्गनसारखे वाजवतात. मित्राला जाऊन चार महिने झालेला माणूस समोर उभा आहे हे ठाऊक असताना ही पाने ऐकणे सोपे नाही. मी ती हेडफोन लावून, अंधारात, एकट्याने ऐकतो.

यातले वेबर्नचे किती आणि वादकाचे किती, हे ओळखायचा एक चांगला मार्ग आहे. क्रास्नरनेच हा कन्चेर्तो १९४० मध्ये आर्तुर रॉजिन्स्की आणि क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाबरोबर व्यावसायिक तबकड्यांसाठी मुद्रित केला. व्हायोलिनवादक तोच, रचना तीच, संचालक निराळा. दोन्हींत सारखे ऐकू येईल ते बहुधा क्रास्नरचे. फक्त लंडनमध्ये ऐकू येईल, त्यातून खरखर वजा करा, आणि उरलेले वेबर्नचे धरा.

वेबर्नच्या हातचे दुसऱ्याचे संगीत आणखी एका मुद्रणात आहे : शूबर्टचे जर्मन नाच, वेबर्नने स्वतः वाद्यवृंदासाठी मांडलेले, फ्रँकफर्टच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर, डिसेंबर १९३२ मधले. कन्चेर्तोनंतर ते ऐकले की हा माणूस नाचाच्या ठेक्यात किती मोकळा होता ते कळते.

पायरी ८ : इथून पुढे

पुढची वाट आपापल्या आवडीची. माझी क्रमवारी अशी राहील.

एल्गारने बाखच्या सी मायनरमधल्या फँटसी आणि फ्यूगची वाद्यवृंदासाठी मांडणी केली आणि १९२६ मध्ये ती मुद्रित केली. बाखला एल्गारचा भरजरी अंगरखा चढवलेला ऐकायचा असेल, तर इथे या. व्हॉन विल्यम्सने मार्च १९५८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, डॉर्किंग गावच्या महोत्सवात बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ संचालित केली. ती इंग्रजीतून गायलेली आहे आणि हार्प्सिकॉर्डच्या जागी पियानो आहे. आजच्या प्रथेप्रमाणे यातले फारसे काही ‘बरोबर’ नाही, तरी वर्षानुवर्षे तेच संगीत गावकऱ्यांकडून बसवून घेणाऱ्या माणसाची खात्री त्यात आहे. त्यानंतर काही महिन्यांतच तो वारला.

ब्रिटनची माहलर चौथी, १९६१ मध्ये ऑर्फर्डच्या चर्चमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेली, मी दरवर्षी एकदा तरी ऐकतो. हिंडेमिटची ब्रुकनर सातवी १९५८ ची, स्टुटगार्टच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबरची. यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत वाजवून गेला हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. त्याचा गुरू एनेस्कु त्याच्या १९३० च्या दशकातल्या कित्येक कन्चेर्तोंचा संचालक होता, त्यांतला १९३८ चा मेंडेल्सोन अवश्य मिळवा. राव्हेलच्या ‘बोलेरो’चे पहिले मुद्रण जानेवारी १९३० मध्ये संगीतकार पिएरो कोप्पोलाने राव्हेलच्या उपस्थितीत केले, आणि लगोलग राव्हेलने स्वतःचे केले. रचनाकार आणि दुसरा रचनाकार अशी थेट तुलना करण्याची ती दुर्मीळ संधी आहे.

फित्स्नरच्या बीथोव्हनबद्दल आणि शूमानबद्दल मी सावधपणे सांगतो. त्याने संचालित केलेली बीथोव्हनची तिसरी आणि सहावी सिम्फनी मला मोलाची वाटते, लय कधी कमालीची थबकते आणि पुन्हा उसळते. पुढे नाझी राजवटीच्या आश्रयाला गेलेला हा माणूस आहे, आणि त्याच पोलिडोर मालिकेत बीथोव्हनची नववी मुद्रित करणाऱ्या ओस्कार फ्रीडला, तो ज्यू असल्यामुळे, देश सोडून सोव्हिएत संघात जावे लागले. दोघांच्या तबकड्या एकाच कपाटात ठेवताना हे ठाऊक असलेले बरे.

पायरी ९ : वही कशी ठेवायची

प्रत्येक मुद्रणासाठी एक पान. वर रचना, संचालक, वाद्यवृंद, गाव, मुद्रणाची तारीख आणि प्रत कोणाची ते लिहा. खाली तीन रकाने करा : ‘मोजले’, ‘यंत्राचे असावे’, ‘संगीतकाराचे असावे’. पट्टी, मिनिटे, स्वरलिपीतले गाळलेले भाग पहिल्या रकान्यात जातात. तिसऱ्या रकान्यात पेन्सिलनेच लिहा, आणि दुसरी प्रत ऐकेपर्यंत ते पक्के करू नका.

माझ्या वहीत स्ट्राउसच्या ४० व्या सिम्फनीच्या पानावर तिसऱ्या रकान्यात सध्या दोनच ओळी शिल्लक आहेत. एक, दुसऱ्या विषयाशी सैल होणारी लय. दुसरी, शेवटच्या भागातल्या खर्जाच्या तारांना मिळणारे वजन. या दुसऱ्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह घातले आहे, कारण ते वजन एका पुनर्मुद्रणात ऐकू येते आणि दुसऱ्यात येत नाही. तिसरी प्रत मागवली आहे.